गणितासाठी पळीभर तेल

वर्षातून तीन वेळा आपल्या सार्वजनिक जीवनाला गणित-विज्ञानाची आठवण होते. श्रीनिवास रामानुजन यांच्या जयंतीनिमित्त २२ डिसेंबरला राष्ट्रीय गणित दिन, २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आणि २०२० पासून १४ मार्चला आंतरराष्ट्रीय गणित दिन. या दिवसांच्या आगेमागे विद्यापीठे आणि संशोधन संस्था आपली दारे शाळकरी मुलांसाठी उघडतात. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था ही त्यांपैकी अग्रगण्य. एरवी सामान्य नागरिकाला जेथे प्रवेश नसतो, तेथे त्या दिवशी माध्यमिक शाळांतील मुले रांगेने आत शिरतात, प्रयोगशाळा पाहतात, संशोधकांना थेट प्रश्न विचारतात. उपक्रम स्तुत्य आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र दोन प्रश्न उरतात. संध्याकाळी घरी परतलेल्या मुलाच्या हाती नेमके काय लागले? आणि त्या रांगेत जी मुले नव्हतीच, त्यांचे काय?

गणिताच्या बाबतीत पहिला प्रश्न विशेष कठीण आहे. भौतिकशास्त्रज्ञाला यंत्र दाखवता येते, रसायनशास्त्रज्ञाला रंग बदलणारे द्रव दाखवता येतात. गणितज्ञापाशी फळा, खडू आणि विचार एवढेच भांडवल असते. शिवाय मुलाच्या मनात गणिताची एक प्रतिमा पक्की झालेली असते. गणित म्हणजे सूत्र पाठ करणे, पायऱ्या लिहिणे, उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ताडून पाहणे. हा विषय कोणीतरी पूर्वीच पूर्ण करून ठेवला आहे, आपण केवळ त्याची नक्कल करायची आहे, अशी त्याची समजूत असते. हा विषय आजही घडतो आहे, त्यात न सुटलेले प्रश्न आहेत, आपल्यासारखी माणसे दिवसेंदिवस एका प्रश्नापाशी अडून बसतात आणि त्यात त्यांना आनंद वाटतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. विद्यापीठाच्या खुल्या दिवसाचे खरे काम एवढेच की, ही समजूत एकदा मोडावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गिरगावातील खोताची वाडी पाहावी. दादोबा वामन खोत यांच्या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती लाकडी सज्ज्यांच्या आणि उतरत्या कौलारू छपरांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. एकेकाळी अशी सुमारे ६५ घरे येथे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. परदेशी पाहुणे छायाचित्रे घेण्यासाठी या बोळांतून फिरतात. पण वाडीच्या आणि भोवतालच्या चाळींच्या परिसराचा आणखी एक वारसा आहे, त्याचे छायाचित्र निघत नाही. वाडीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव आहे. तेथून चौपाटीकडे गेले की विल्सन महाविद्यालय लागते. चौपाटीवर ज्यांचा पुतळा उभा आहे ते लोकमान्य टिळक देशाचे पुढारी होण्यापूर्वी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवीत असत. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ मध्ये बंगळुरूहून मुंबईत आली ती पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात, म्हणजे गिरगावच्या शेजारीच. तिच्याच अंगभूत असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले आणि त्याची आरंभीची वर्षे नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत गेली. देशातील गणिताची सर्वोच्च परंपरा ज्या वस्तीच्या उंबरठ्यावर उभी राहिली, त्या वस्तीतील किती घरांना ही गोष्ट ठाऊक असेल?

अंतराची सबबही आता उरलेली नाही. ऑक्टोबर २०२५ पासून गिरगावहून कफ परेडपर्यंत भुयारी मेट्रो धावते आहे. कुलाब्याची संस्था तेथून जवळच आहे. तरीही मराठी माध्यमाच्या शाळेतील, दोन खोल्यांच्या घरात अभ्यास करणाऱ्या मुलाच्या मनात ते अंतर फार मोठे असते. ते अंतर किलोमीटरचे नसून ओळखीचे आणि भाषेचे आहे.

भाषेचा हा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने येथील शास्त्र्यांच्या साहाय्याने अंकगणित आणि भूमितीची पुस्तके मराठीत आणली. पुढे १८४७ च्या सुमारास सरकारी शिक्षण मंडळात शिक्षणाच्या माध्यमाचा वाद पेटला. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीचे कैवारी होते. जगन्नाथ शंकरशेट यांनी देशी भाषांची बाजू ठामपणे मांडली आणि जर्व्हिस त्यांच्या बाजूने उभे राहिले. नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. इंग्रजी शिक्षणाच्या संस्थांना त्यांचा आधारच होता. ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवायचे असेल तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तो वाद नाना हरले, असे पुढील इतिहास पाहता म्हणावे लागते. पण त्यांचा युक्तिवाद मात्र कोणी खोडून काढलेला नाही.

त्याचा पुरावा सव्वाशे वर्षांनी नानांच्याच नावाच्या चौकात बसलेल्या संशोधकांनी पुढे आणला. होमी भाभा केंद्राचे डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी पाठ्यपुस्तकांच्या भाषेचा अभ्यास केला. विज्ञानाचा आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तर मुलांचे आकलन सुधारते, असे त्यांना आढळले. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेच्या शाळांतील वंचित घरांतील मुले निवडून त्यांना माध्यमिक शाळेच्या वर्षांत नियमित मार्गदर्शन देण्याचा प्रकल्प केंद्राने चालवला. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, अशा मुलांनी शालान्त परीक्षेत गणित-विज्ञानात उल्लेखनीय यश मिळवले. बुद्धी घराण्यावर अवलंबून नसते, संधीवर अवलंबून असते, हे वाक्य भाषणांत पुष्कळदा ऐकायला मिळते. येथे ते प्रत्यक्ष वर्गात सिद्ध झाले.

या संदर्भात डॉ. मंगला नारळीकर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या गणिताच्या पदव्युत्तर परीक्षेत त्या सर्वप्रथम आल्या, टाटा संस्थेत त्यांनी संशोधन केले, पुढे संसार सांभाळून डॉक्टरेट मिळवली. एवढी विद्वत्ता असलेल्या व्यक्तीने ‘गणिताच्या सोप्या वाटा’सारखे पुस्तक शाळकरी मुलांसाठी मराठीत लिहावे, यातच त्यांचे मोठेपण आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. भाषेचे वैभव जाईल, अशी चिंता अनेकांनी व्यक्त केली. ती चिंता प्रामाणिक होती आणि पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. परंतु ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी दोन आणि मग पाच, या उलटापालटीत सहा-सात वर्षांचे मूल अडखळते, हे त्यांनी दाखवलेले वास्तव त्या गदारोळात हरवले. २०२३ मध्ये त्या गेल्या. मूल नेमके कोठे अडते, हे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र टिकली पाहिजे. विद्यापीठाच्या खुल्या दिवशी हीच दृष्टी सर्वांत आधी हवी.

अशा दिवशी मुलांपुढे काय ठेवावे? मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या चरित्रांची भाषणे मुले सौजन्याने ऐकतात आणि विसरतात. एखादा प्रश्न हाती दिला तर तो ती घरी घेऊन जातात. असा एक प्रश्न महाराष्ट्राच्याच मातीतला आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी; चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी आणि उत्तरावर तीच कृती पुन्हा करावी. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला ते साल, १८९३, घेऊन पाहावे. ९८३१ मधून १३८९ वजा केले की ८४४२ येतात. पुढे अनुक्रमे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ६१७४ वर कितीही वेळा कृती केली तरी ६१७४ च येते. कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामी पोहोचते. हा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. आपल्याकडे अनेकांनी त्यांना छांदिष्ट ठरवून सोडून दिले होते. ही कथा ऐकल्यावर आणि स्वतः वजाबाक्या केल्यावर मूल विचारते, “असे का होते?” गणिताचा प्रवास या ‘का’पासून सुरू होतो.

दुसरा प्रश्न थेट वाडीतलाच करता येईल. खोताच्या वाडीतले सगळे बोळ, कोणत्याही बोळातून दुसऱ्यांदा न जाता, एकाच फेरीत फिरून होतील काय? मुलांनी कागद-पेन्सिल घेऊन वाडीचा नकाशा काढावा, बोळ जेथे मिळतात त्या प्रत्येक ठिकाणी ठिपका द्यावा आणि त्या ठिपक्याशी किती बोळ येतात ते मोजावे. बंद बोळाचे टोक म्हणजे एकच बोळ आलेला ठिपका. ज्या ठिपक्यांशी विषम संख्येने बोळ येतात असे ठिपके दोनांहून अधिक असतील, तर अशी फेरी अशक्य आहे. कारण सोपे आहे. मधल्या प्रत्येक ठिकाणी एका बोळाने येऊन दुसऱ्या बोळाने जावे लागते, म्हणून तेथे बोळांच्या जोड्या लागल्या पाहिजेत. जोडी न लागणारी जागा फक्त आरंभाची किंवा शेवटची असू शकते. ऑयलर या गणितज्ञाने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांविषयी हाच विचार मांडला आणि त्यातून गणिताची एक नवी शाखा जन्माला आली. मुलाला यातून जे मिळते ते उत्तरापेक्षा मोठे आहे. ‘मला जमले नाही’ आणि ‘हे कोणालाच, कधीच जमणार नाही आणि का ते मी सांगू शकतो’ या दोहोंतील अंतर त्याला समजते. सिद्धता म्हणजे काय, हे त्याला दहा पानांच्या धड्यातून कळले नसेल ते आपल्या गल्लीत कळते. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. तो प्रश्न नीट समजलेला आणि मुलाच्या भाषेत बोलणारा एक माणूस हवा.

मात्र एका दिवसाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. एका दिवसाने कुतूहल जागे होते. ते जागे ठेवण्यासाठी वर्ष लागते. हंगेरीसारख्या लहान देशाने विसाव्या शतकात जगाला एकाहून एक गणितज्ञ दिले. तेथे १८९४ मध्ये एका शाळाशिक्षकाने माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक सुरू केले. दरमहा प्रश्न यायचे, गावोगावची मुले उत्तरे पाठवायची आणि चांगली उत्तरे मुलांच्या नावासह छापली जायची. मॉस्कोमध्ये १९३० च्या दशकात कोल्मोगोरोव्हसारख्या अव्वल गणितज्ञांनी शाळकरी मुलांसाठी विद्यापीठात मंडळे चालवली आणि १९३५ मध्ये तेथे पहिले गणित ऑलिम्पियाड भरले. या दोन्ही ठिकाणी उत्सवाबरोबर सातत्य होते, आणि मोठा माणूस लहान मुलाच्या उत्तराची गंभीरपणे दखल घेत होता.

आपल्याकडे शिखरे नाहीत असे नाही. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड मुंबईत भरले आणि ७५ देशांतील विद्यार्थी या शहरात आले. २०२४ मध्ये भारतीय चमूने चार सुवर्णपदकांसह जगात चौथे स्थान मिळवले. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा असेच हे यश आहे. पण त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘असर २०२३’ पाहणीने ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाचे चित्र समोर ठेवले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण सोडवू शकणारी मुले सुमारे ४३ टक्के होती. सहा मुले जगज्जेतेपदाच्या जवळ आणि निम्म्याहून अधिक मुले साध्या भागाकाराशी अडलेली. शिखर आणि पायथा यांच्यामध्ये जो उतार असायला हवा तो कोठे आहे, हा खरा प्रश्न आहे. शहरातील वाड्या-चाळी आणि मराठी शाळा हाच तो मधला भाग आहे.

राज्याच्या २०२४ मधील शालेय अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या गणित आणि विज्ञानासाठी एक सवलत सुचवली गेली. ३५ ऐवजी किमान २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्याने पुढे जावे, मात्र पुढे हे विषय घेता येणार नाहीत असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असावा, असे तिचे स्वरूप. एका विषयात अडल्यामुळे मुलाचे शिक्षणच थांबू नये, हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. परंतु बाहेर पडण्याचा दरवाजा सोयीचा करताना, आत येण्याचा दरवाजा किती मुलांना दाखवला, हेही समाजाने स्वतःला विचारले पाहिजे. गणिताशी एकदाही खरी भेट न होताच पंधराव्या वर्षी ज्याने गणिताला रामराम ठोकला, त्याने निवड केली असे म्हणता येत नाही. अभियांत्रिकी, अर्थशास्त्र, संगणक, हवामानशास्त्र, संरक्षण संशोधन या साऱ्या वाटा त्याच्यासाठी तेथेच बंद होतात. त्या बंद झाल्याचे त्याला कित्येक वर्षांनी कळते.

केवळ शासनाकडे किंवा विद्यापीठाकडे बोट दाखवून येथे भागणार नाही. या बाबतीत महाराष्ट्राच्याच इतिहासात एक बोलका दाखला आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. तो प्रकाशात आणला मुंबईचे थोर वैद्य आणि संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ मध्ये. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ च्या सुमारास तेथे मठ स्थापन केला, त्याची ही नोंद आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण मठाचा खर्च कसा चालेल तो तपशील मात्र मराठीत, लोकांच्या भाषेत कोरला आहे. पाटणच्या पेठेत विक्रीस येणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला होता. आणि तेलाच्या घाण्यांनी घाण्यामागे पळी पळी तेल द्यायचे होते. ‘लीलावती’ आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ यांचा अभिमान बाळगणे सोपे आहे. त्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून आपल्या घाण्यातील पळीभर तेल काढून देणे हे अधिक कठीण, आणि म्हणून अधिक मोलाचे. ज्या तेल्याने ते दिले त्याला बीजगणित कळत असण्याची गरज नव्हती. आपल्या गावात ते शिकवले जावे, एवढे त्याला कळत होते.

आजच्या समाजाची पळी कोणती? वाडीतील सार्वजनिक मंडळाचे सभागृह वर्षात पुष्कळ दिवस रिकामे असते. रविवारच्या सकाळी ते मुलांच्या गणित मंडळाला देता येईल. बँकांतून, विमा कंपन्यांतून, महाविद्यालयांतून निवृत्त झालेले गणिताचे पदवीधर गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत घरोघर आहेत. त्यांचे आठवड्याचे दोन तास या कामासाठी मिळू शकतात. मंडळाच्या फळ्यावर सुविचाराच्या जोडीने आठवड्याचा एक प्रश्न लिहिता येईल आणि पुढच्या आठवड्यात ज्या मुलाने तो सोडवला त्याचे नाव लिहिता येईल. गणेशोत्सवात स्पर्धा होतातच, त्यांत एक संध्याकाळ कोड्यांची असू शकते. संस्थांचा खुला दिवस केव्हा आहे याची चौकशी करून दहा-बारा मुलामुलींना बरोबर नेणारा, आणि परतल्यावर त्यांनी काय पाहिले ते त्यांच्याकडून ऐकून घेणारा एक कार्यकर्ता प्रत्येक वाडीला मिळाला, तरी बरेच काही साधेल. मुली या गटांत बरोबरीने असाव्यात, याची काळजी मुद्दाम घ्यावी लागेल. त्या आपोआप येत नाहीत, कारण घरची कामे त्यांच्या वाट्याला आधी येतात.

विद्यापीठांनीही एक पाऊल पुढे यावे. मुलांना आपल्या आवारात बोलावणे चांगलेच आहे. पण वर्षातून एकदा संशोधकांनी वाडीत, महापालिकेच्या शाळेत जाऊन मराठीतून बोलावे, हे अधिक चांगले. मुंबईत विज्ञानावरील गप्पा नाट्यगृहात आणि महाविद्यालयात भरवण्याचा प्रयोग टाटा संस्थेच्या संशोधकांनी यशस्वी करून दाखवला आहे. तीच पद्धत चाळीच्या पटांगणात का चालू नये? मूळ संख्या, सिद्धता, प्रमेय या शब्दांनी विद्वानाची प्रतिष्ठा कमी होत नाही. उलट, आपला विषय दहावीच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावता येणे ही विद्वत्तेचीच कसोटी आहे.

दरवर्षी दहावीचा निकाल लागून जातो. गिरगावातल्या एखाद्या शाळेतून कोणीतरी गणितात शंभर गुण मिळवतो, त्याचा सत्कार होतो, छायाचित्र छापून येते. तो सत्कार अवश्य व्हावा. मात्र त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या आणि फळ्यावरची पायरी ‘अशीच का’ हे विचारायला धजावत नसलेल्या मुलीकडे कोणाचे लक्ष जाते काय, यावर त्या शाळेची आणि त्या वाडीची परीक्षा ठरावी. तिच्या प्रश्नाला उत्तर देणारे माणूस तिला नववीत भेटले पाहिजे, तिच्या भाषेत भेटले पाहिजे, आणि एका दिवसानंतरही भेटत राहिले पाहिजे. आठशे वर्षांपूर्वी पाटणच्या तेल्यांना जे जमले, ते गिरगावच्या सुशिक्षित, सुस्थित समाजाला जमू नये असे काही नाही.